नवा सेल टाकूनही 'की नॉट डिटेक्टेड'. रिमोटची बटणं चालतात, गाडी सुरू होत नाही

साळुंकी

गाडी २०२० ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, पुश बटण स्टार्ट. ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं की अधूनमधून 'की नॉट डिटेक्टेड' असा मेसेज येतो आणि इंजिन सुरू होत नाही. किल्ली गाडीतच असते. लॉक-अनलॉकची बटणं नेहमीच्या अंतरावरून चालतात. हँडलवरच्या बटणानेही दार बहुतेक वेळा उघडतं. अडतं ते आत बसल्यावर. किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून धरली तर मात्र गाडी लगेच सुरू होते.

किल्लीत सीआर २०३२ सेल लागतो, तो नुकताच बदललाय. मल्टिमीटरवर ३.१ व्होल्ट दाखवतो. दुसरी किल्ली वापरली तरी हाच मेसेज येतो, पण कमी वेळा.

सर्व्हिस सेंटर म्हणतंय रिमोट खराब आहे, नवा घेऊन प्रोग्रॅम करावा लागेल. एवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

वायरिंगवाला

ताई, रिमोट इतक्यात बदलू नका. निम्मं निदान तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त ते जुळवायचं आहे.

पुश बटणवाल्या किल्लीच्या पोटात तीन वेगळी कामं चालतात. पहिलं, बटण दाबून लॉक-अनलॉक. यात किल्ली बोलते आणि गाडी ऐकते, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. दुसरं स्मार्ट की. यात आधी गाडी हाक मारते. दाराच्या हँडलमध्ये, केबिनमध्ये आणि डिकीजवळ बसवलेल्या छोट्या अँटेनांतून १२५ किलोहर्ट्झचा (काही गाड्यांत १३४) सिग्नल निघतो. त्याची पोहोच मुद्दामच मीटर-दीड मीटर ठेवलेली असते. किल्लीला ती हाक ऐकू आली तर ती ४३३ वर उत्तर देते. तिसरं काम इमोबिलायझरच्या (अनोळखी किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चिपचं. तिला सेल लागतच नाही. किल्ली स्टार्ट बटणाला टेकवली की बटणामागच्या कॉइलमधूनच चिपला वीज मिळते, म्हणून सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू करता येते.

आता तुमची लक्षणं बघा. बटणं चालतात, म्हणजे किल्लीचं बोलणं ठीक. टेकवल्यावर गाडी सुरू होते, म्हणजे चिप ठीक आणि किल्लीची गाडीतली नोंदही शाबूत. प्रोग्रॅमिंगचा प्रश्नच नाही. उरलं मधलं काम, आणि त्यातही ऐकण्याचा भाग: गाडीची हाक आत बसल्यावर किल्लीपर्यंत नीट पोचत नाही. हेच दोन्ही किल्ल्यांत होतंय. दोन किल्ल्या एकदमच बिघडणं फार दुर्मीळ, म्हणून माझा पहिला संशय किल्लीवर नाही, केबिनवर आहे.

एवढं सांगा: वायरलेस चार्जर आहे का? डॅशकॅम कुठून जोडलाय? किल्लीला कव्हर आहे का, असेल तर कसलं? आणि आत बसल्यावर किल्ली नेमकी कुठे ठेवता?

किल्लीकट्टा

वरचं सगळं मान्य, पण सेलला इतक्या लवकर सोडू नका. ३.१ व्होल्ट हा आकडा फसवा असतो. नव्या सीआर २०३२ चा नुसता व्होल्टेज ३.२ ते ३.३ येतो, आणि बराच संपलेला सेलही भार नसताना ३ च्या आसपास दाखवतो. हे सेल शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात, आतला रोध मात्र वाढत जातो. किल्ली उत्तर पाठवते तेव्हा क्षणभर काही मिलिअँपिअर एकदम ओढते आणि तेवढ्यात व्होल्टेज कोसळतो.

तेव्हा भार लावून मोजा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३३० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणा. तो सेलच्या दोन्ही बाजूंना धरा, मीटर तिथेच लावा आणि पाच सेकंद थांबून आकडा वाचा. साधारण ९ मिलिअँपिअरचा भार पडतो. चांगला सेल २.८ च्या वर टिकतो. २.५ च्या खाली गेला तर तो नवा आहे असं पाकीट कितीही म्हणो, बदला. फुटकळ विक्रीच्या पाकिटांत जुना माल भरपूर असतो, पाकिटावरची तारीख बघून घ्या.

मग बटणं कशी चालतात, हा पुढचा प्रश्न येणारच. सेल थकला की दोन्ही कामांची पोहोच घटते. बटण आपण जरा दाबून धरतो किंवा पुन्हा दाबतो, म्हणून ते कळत नाही. स्मार्ट कीला मात्र गाडीने विचारल्यावर काही मिलिसेकंदांत उत्तर द्यावं लागतं. तिथे दुसरी संधी नाही.

सेल काढणार असाल तर हेही तपासा:

किल्लीत दडवलेलं आपत्कालीन पातं (दार उघडायची धातूची चावी) काढल्यावर जी खाच दिसते, तिथेच चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हलकेच पिळा. कव्हर दोन भागांत सुटतं. सर्किट उचकटू नका, रबरी पॅड सरकवू नका.

सेल धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या वारंवार सेल बदलून दबतात. प्लॅस्टिकच्या चिमट्याने अर्धा मिलिमीटर वर घ्या. त्याहून जास्त वाकवलंत तर मुळातून तुटतील. पट्ट्यांवर काळसर किंवा हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघून जातो.

लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. काही उपकरणांत तो लेप नेमका संपर्काच्या जागी आडवा येतो. तशा सेलची कड आणि सपाट बाजू अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर लेप नसलेला सेल घ्या.

आणि २०३२ च्या जागी २०२५ चालवू नका. व्यास दोन्हींचा २० मिलिमीटर, पण जाडी ३.२ ऐवजी २.५. बसतो, पण खिळखिळा. खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. दुकानदार 'सेमच आहे' म्हणून देतात.

(काढलेला सेल मुलांच्या हाती लागेल असा टाकू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मगच ई-कचऱ्यात द्या.)

आडवाटेचा_प्रवासी

सोपा उपाय सांगतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. गाडी रिसेट होते आणि किल्ली पुन्हा ओळखते.

वायरिंगवाला

नाही हो भाऊ. किल्ल्यांची नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते, टर्मिनल काढून ती ना पुसली जाते ना सुधारते. घड्याळ जाईल, खिडक्यांचं एका झटक्यात वर-खाली होणं बंद पडेल, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागेल आणि इंजिनाला आयडलिंग (गाडी उभी असतानाचा वेग) पुन्हा शिकावं लागेल. क्वचित एखादं अडकलेलं मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक) यातून सुटतं, तेवढ्याने हा उपाय सगळीकडे पसरलाय. इथे टेकवल्यावर गाडी सुरू होतेय, म्हणजे मॉड्यूल अडकलेलं नाही.

टर्मिनलला हात लावायचाच असेल तर ते घट्ट आहे का आणि पांढरी भुकटी जमलीय का, एवढं बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवा. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय, आणि अशा वेळी कंट्रोल मॉड्यूल मध्येच रिसेट होऊन काहीही मेसेज दाखवतात. त्यात किल्लीचाही दाखवतात.

साळुंकी

उत्तरं: वायरलेस चार्जर बाहेरून बसवलेला आहे, गिअरच्या पुढच्या खणात. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. डॅशकॅमही त्याच सॉकेटच्या दुहेरी अडॅप्टरवर. आत बसलं की आधी फोन पॅडवर जातो, मग किल्ली मागच्या कपहोल्डरमध्ये. पहिल्या किल्लीला धातूची चौकट असलेलं कव्हर आहे, दुसरीला नाही. बॅटरी सकाळी १२.५.

ब्रेकचा स्विच बघायलाही एकाने सांगितलं होतं. मागचे ब्रेक लाइट लागतात.

वायरिंगवाला

ब्रेक लाइट लागतात ना, मग तो विषय सोडा. स्विच गेला असता तर गाडी फक्त अ‍ॅक्सेसरीवर (इंजिन बंद, स्टिरिओसारख्या गोष्टी चालू) जाऊन थांबली असती किंवा ब्रेक दाबा म्हणाली असती. किल्ली सापडत नाही असं म्हटलं नसतं.

तुमच्या गाडीत मला तीन संशयित एकाच ठिकाणी दिसताहेत. पहिला चार्जर. क्यूआय (वायरलेस चार्जिंगचं प्रचलित मानक) चार्जरची कॉइल साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झमध्ये चालते, आणि गाडीची हाक आहे १२५ वर. केबिनमधली एक अँटेना सहसा सेंटर कन्सोलखालीच असते. म्हणजे गाडी जिथून किल्लीला हाक मारते, तिथेच, जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीवर, कितीतरी पट जोराने चार्जर ओरडतोय. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यातला प्रकार. कंपनीने बसवलेल्या चार्जरमध्ये बऱ्याचदा अशी सोय असते की गाडी किल्ली शोधत असताना चार्जिंग क्षणभर थांबतं. बाहेरून बसवलेल्या पॅडला गाडीची खबरच नसते.

दुसरा संशयित तो दुहेरी अडॅप्टर. स्वस्त अडॅप्टरमधला कन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो आणि तो वायरीवरून सगळ्या केबिनभर पसरतो. डॅशकॅमची लांब वायर त्याची अँटेना होते. तिसरं, धातूची चौकट. किल्लीतली ऐकणारी कॉइल चुंबकीय क्षेत्रावर चालते, आणि भोवती धातूचं बंद कडं असलं की त्यात उलट प्रवाह निर्माण होऊन क्षेत्र मार खातं. सिलिकॉन किंवा साध्या प्लॅस्टिकच्या कव्हरने हे होत नाही. ते फार घट्ट असलं तर फक्त बटण दाबलेलं राहून सेल संपतो.

आता तपासणी. सगळं बंद करून सुरुवात करा आणि एकेक वाढवत जा.

१. दुहेरी अडॅप्टर सॉकेटमधून उपटून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. फोन मागच्या सीटवर. किल्लीचं कव्हर काढा. एका वेळी एकच किल्ली गाडीत, दुसरी घरात. दोन किल्ल्या एकमेकींना चिकटून असल्या तरी गडबड होते.

२. किल्ली कपहोल्डरमध्ये ठेवा. ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दाबा, म्हणजे इंजिन सुरू न करता गाडी अ‍ॅक्सेसरीवर जाते का ते कळतं. प्रत्येक वेळी बंद करून दार उघडा आणि लावा, म्हणजे गाडी किल्ली नव्याने शोधते.

३. हे दहादा करा. एकदाच जमलं म्हणजे ठीक, असं धरू नका. तुमचा दोष येतो-जातो, त्याला एका प्रयोगाचा पुरावा चालत नाही.

४. मग कव्हर परत घालून. मग फक्त डॅशकॅम लावून. मग फक्त चार्जर, पॅड रिकामा. शेवटी पॅडवर फोन. पॅड रिकामा असताना चार्जर अधूनमधूनच चाचपतो, फोन ठेवल्यावर पूर्ण जोरात चालतो. म्हणून हे दोन प्रयोग वेगळे ठेवा.

किल्ली डॅशबोर्डच्या वर, दाराच्या खिशात, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा खाली मॅटवर ठेवून निष्कर्ष काढू नका. या जागी ओळख कमजोर असू शकते असं बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं.

तिसरा_गिअर

यात एक भर. कुठलाही चार्जर नसताना आणि सेल चांगला असतानाही दोन्ही किल्ल्या आत सापडत नसतील, तर सेंटर कन्सोलवर नंतर काय ठोकलंय ते बघा. बाहेरून आर्मरेस्ट बसवताना कन्सोल उचकटतात किंवा स्क्रू मारतात, त्यात अँटेनाचा कनेक्टर सैल होतो किंवा वायर दाबली जाते. स्टिरिओ आणि जीपीएस ट्रॅकर बसवणारेही मिळेल त्या वायरीला जोड मारून मोकळे होतात.

इथे स्कॅनर लागतो, पण रस्त्यावरचा इंजिनाचे कोड वाचणारा नाही. स्मार्ट की किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये शिरणारा हवा. त्यात अँटेनांचे कोड वेगवेगळे दिसतात आणि कुठल्या अँटेनाची वायर तुटलीय ते कळतं. फक्त एकाच दाराचं हँडल प्रतिसाद देत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर किल्ली निर्दोष. त्या हँडलची अँटेना किंवा स्विच बघायचा. पावसाळ्यात पाणी शिरून हे हमखास होतं.

आणि गाडी एकाच ठरावीक पार्किंगमध्ये अडत असेल, दुसरीकडे कधीच नाही, तर दोष जागेचा. शेजारी काय आहे ते बघा: टॉवर, सबस्टेशन, लिफ्टची मोटर, गेटचं आरएफआयडी रीडर. तेही बरेचदा १२५ वरच चालतं.

किल्लीकट्टा

वाचणाऱ्या इतरांसाठी, किल्ली टेकवायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ह्युंदाईत किल्लीनेच स्टार्ट बटण दाबायचं. टोयोटात ब्रेक दाबून किल्लीची लोगोची बाजू बटणाला लावायची, आवाज आला की बटण दाबायचं. होंडात बटण लुकलुकत असताना एचचा लोगो बटणाच्या मध्यावर टेकवायचा. मारुतीत लॉक बटणाकडचं टोक दोनेक सेकंद टेकवायचं. काही गाड्यांत कन्सोलच्या खणात किल्ली ठेवायची खास जागा असते. मॉडेलगणिक फरक पडतो, तेव्हा आपल्या मॅन्युअलचं ते पान फोनमध्ये काढून ठेवा. मॅन्युअल नेमकं बंद गाडीत असतं.

टोयोटावाल्यांनी आणखी एक बघावं: लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्लीचा दिवा चार वेळा लुकलुकतो आणि ती सेल वाचवायच्या मोडमध्ये जाते. मग स्मार्ट की चालत नाही. खिशात असताना चुकून असं होऊ शकतं. किल्लीचं कुठलंही बटण दाबलं की ती परत जागी होते.

साळुंकी

प्रयोग केले.

अडॅप्टर काढून, कव्हर काढून: दुसरी किल्ली दरवेळी सापडते. पहिली कपहोल्डरमध्ये कधी सापडते, कधी नाही. डॅशकॅमने दोन्हींना काही फरक पडत नाही. पॅडवर फोन ठेवला की पहिली जवळजवळ कधीच सापडत नाही, दुसरी अधूनमधून चुकते.

३३० ओहम लावून: पहिल्या किल्लीचा 'नवा' सेल २.३ वर येतो. दुसरीचा २.९. मग दुसरीचाच सेल पहिलीत टाकून बघितला, तर चार्जर बंद असताना पहिलीही दरवेळी सापडली. कव्हर परत घातलं की पुन्हा एक-दोनदा चुकली.

म्हणजे सेल, चार्जर आणि कव्हर, तिन्हींचा हात. रिमोट बदलायची गरज नाही असं धरू ना? आणि चार्जर ठेवायचाच असेल तर काय करावं?

किल्लीकट्टा

रिमोट बदलायची गरज नाही. पहिलीला चांगला सेल घाला आणि धातूची चौकट काढून टाका.

रिमोट खरोखर गेलाय हे कशावरून ओळखायचं, तेही लिहून ठेवतो. भार लावून २.८ च्या वर टिकणारा सेल आहे, पट्ट्या स्वच्छ आहेत, केबिन शांत आहे, दुसरी किल्ली त्याच जागी दरवेळी सापडते आणि ही सापडत नाही, तरच ती दोषी. तेव्हाही आधी बोर्ड उघडून भिंगाखाली बघा. किल्ली पडली की ऐकणाऱ्या कॉइलचा टाका तडकतो. साधारण सेंटिमीटरभराचा काळा चौकोनी भाग असतो तो. मोबाइल दुरुस्तीवाला बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने तो टाका पुन्हा मारू शकतो. किल्ली पाण्यात भिजली असेल तर आधी सेल काढायचा, मग बोर्ड अल्कोहोलने धुऊन दिवसभर वाळवायचा. तांदळात ठेवून काही होत नाही, क्षार बोर्डावरच राहतात.

नवा घ्यायचीच वेळ आली तर सगळ्या किल्ल्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत नवी नोंदवताना जुन्यांचीही नोंद नव्याने करावी लागते, घरी राहिलेली किल्ली बाद होते. दुसऱ्या गाडीचा सेकंडहँड रिमोट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, बहुतेक स्मार्ट किल्ल्या एकदा नोंदल्या की त्या गाडीशी कुलूपबंद होतात. आणि विम्यात की रिप्लेसमेंटचं अ‍ॅड-ऑन घेतलंय का ते बघा.

वायरिंगवाला

चार्जरसाठी सर्वांत सोपं म्हणजे क्रम उलटा करा. आधी गाडी सुरू, मग फोन पॅडवर. गाडी किल्ली मुख्यतः सुरू करताना आणि दार उघड-बंद झाल्यावर शोधते, चालत्या गाडीत सतत नाही. कायमचा उपाय हवा असेल तर पॅड कन्सोलमधून काढून एसीच्या जाळीवरच्या होल्डरवर घ्या आणि किल्ली खिशात ठेवा. दोघांत हातभर अंतर पडलं की बहुतेक भागतं. वायरीवर फेराइटचा मणी लावायला कोणी सांगेल. अडॅप्टरचा गोंगाट त्याने कमी होतो, पॅडच्या कॉइलचं क्षेत्र नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये त्यावर पैसे घालवू नका.

किल्ली पॅडवर मात्र चुकूनही ठेवायची नाही. आतला धातू तापतो.

एक होऊ शकतं: इंजिन चालू, फोन पॅडवर, आणि कोणी उतरायला दार उघडून लावलं की 'किल्ली गाडीत नाही' असा बीप वाजेल. इंजिन बंद पडणार नाही, घाबरू नका. फक्त ते बीप ऐकल्यावर गाडी बंद करायच्या आधी फोन पॅडवरून उचला.